दोन थेंबांच्या मधे दोन भाकरी

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे डोळ्यांत ड्रॉप टाकणं. टाकले तिनं. मी नुसता खुर्चीवर बसलो होतो.

ती पलंगावर उताणी झाली. डाव्या हाताची मूठ गालावर ठेवून खालची पापणी ओढली, त्या मुठीवर उजवं मनगट टेकवलं आणि बाटली दाबली. थेंब बरोबर पापणीच्या खोळीत. मग दुसरा डोळा. मग डोळे मिटून, नाकाजवळचे दोन्ही कोपरे बोटांनी दाबून, ती त्रिसरण-पंचशील म्हणायला लागली. एकदा झाल्यावर मी म्हणालो, "टाक आता दुसरी बाटली."

"दोनदा म्हणू द्या की. तुमचाच नेम हाय."

दोनदा म्हणून झालं. दुसऱ्या बाटलीचे थेंब टाकले. दोन्ही बाटल्या माठाच्या तिवईखाली ओल्या फडक्यात ठेवल्या. परत येऊन म्हणाली, "सकाळी तुरीच्या शेंगा आणा. उकडू." मी बरं म्हणालो. एवढंच बोलणं झालं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी नांदेडात डोळ्याच्या एका दवाखान्यात तीस-एकतीस वर्षं काम केलं. कागदावर माझी नोकरी शिपायाची, पण मला सगळे मामा म्हणायचे. दवाखान्यात माझ्यासारख्या माणसाला मामाच म्हणतात. या अंकाच्या संपादकांची आई माझ्याकडून ड्रॉप टाकायला शिकलेली. ते म्हणाले, मामा, तुमच्या कामाचं लिहा. मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. म्हणून लिहून राहिलो. कामाचंच लिहितो. बायको मधे मधे येईल, त्याला इलाज नाही. माझ्या कामातली निम्मी अक्कल तिची होती.

आधी काचबिंदू म्हणजे काय ते सांगतो. लोक मोतीबिंदू आणि काचबिंदू एकच समजतात. मोतीबिंदू म्हणजे काच धुरकट होणं. ऑपरेशन करून काच बदलली की दिसतं. काचबिंदूचं तसं नाही. डोळ्यात पाणी तयार होत असतं आणि एका बारीक मोरीतून जात असतं. मोरी तुंबली की आत दाब वाढतो आणि मागची नस मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं जाते, माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. गेली ती गेली. डॉक्टरांचा डॉक्टर आला तरी परत येत नाही. राहिली तेवढी राखायची, एवढंच हातात.

ती राखायची ड्रॉपनं. एक औषध नळ बारीक करतं, म्हणजे पाणी कमी तयार होतं. दुसरं मोरी मोकळी करतं. एकानं दाब उतरला तर बरंच, नाहीतर दुसरं जोडावं लागतं, कुणाला तिसरं. जन्मभर, रोज, ठरल्या वेळेला. डॉक्टर हे लिहून द्यायचे आणि पेशंट बाहेर माझ्याजवळ स्टुलावर येऊन बसायचा. डॉक्टरांचं काम दहा मिनिटांत व्हायचं. माझं तिथून सुरू व्हायचं, कारण चांगलं औषध गालावरून ओघळून पदरात गेलं तर काय कामाचं?

नायगावकडची सखुबाई म्हणून एक पेशंट होती. दोन औषधं चालू, तरी दाब उतरंना. डॉक्टर म्हणाले, मामा, बघा ही काय करते. मी म्हटलं, बाई, माझ्यासमोर टाका. तिनं डोळा उघडला, एका बाटलीचा थेंब टाकला आणि लगेच त्यावर दुसरीचा.

"अवो, जरा थांबा की मधे."

"कामून थांबू? एकदा डोळा उघडला की दोनी टाकून मोकळं व्हायचं. मला कामं हायत."

डोळ्यात एकच थेंब मावतो, तोही पुरता नाही. लगेच दुसरा टाकला की तो पहिल्याला धुऊन नेतो. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबत जा. ती म्हणाली, पाच मिनिटं म्हणजे किती? घरात घड्याळ होतं, पण तिला बघता येत नव्हतं. सून घड्याळ बघून सांगायची नाही, असंही म्हणाली. 

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिचं नाव कौसल्या. ती चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "बाईमाणसाला घड्याळ कामून सांगता? भाकरी सांगा."

मग दवाखान्यातलं घड्याळ घरी आणून आम्ही मोजलं. ती थापायची, मी काटा बघायचो. थापून, तव्यावर टाकून, उलटून, फुगवून काढेपर्यंत अडीच मिनिटांच्या आसपास. दोन भाकरी म्हणजे पाच मिनिटं. तिसरी भाकर जरा जळाली, ती माझ्या ताटात आली.

दुसऱ्या दिवसापासून मी बायांना सांगायला लागलो, दोन थेंबांच्या मधे दोन भाकरी. सखुबाई महिन्यानं आली तेव्हा दाब उतरलेला. डॉक्टर आधी हसले, मग तेही आतून तेच सांगायला लागले. पुरुषांची अडचण झाली. एका गड्यानं विचारलं, आम्ही काय मोजायचं, एक बिडी ओढली तर चालेल का? डॉक्टर आतूनच ओरडले, बिडी सांगू नका मामा, औषधाच्या नावाखाली दिवसाला चार वाढतील. मग ज्याला जे पाठ असेल ते सांगितलं. कुणी हरिपाठ म्हणायचा, कुणी कुराणातली आयत. आमच्या घरी त्रिसरण-पंचशील सावकाश दोनदा.

बुधवारी डॉक्टर लातूरला जायचे, मी सोबत. तिथे चाकूरहून एक रिटायर गुरुजी यायचे. शिकलेला माणूस अडाण्यापेक्षा अवघड. अडाणी विचारतो, शिकलेला वाचतो आणि मनाचंच करतो. गुरुजींच्या दोन बाटल्या चालू होत्या. दोन औषधं सांभाळणं जड जातं म्हणून डॉक्टरांनी दोन्ही औषधं एकातच असलेली जोडबाटली दिली. दोन थेंबांचं काम एका थेंबात. महिन्यानं गुरुजी आले ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. दोनदा गरगरून जिन्यात बसले होते. डॉक्टरांनी नाडी धरली तर फार हळू.

मी म्हणालो, "गुरुजी, पिशवी दाखवा."

"पिशवी कशाला? मला सगळं पाठ आहे."

पिशवीतून तीन बाटल्या निघाल्या. जुन्या दोन, नवी एक. तिन्ही चालू.

"ह्या दोन बंद करायच्या होत्या की."

"अर्ध्या भरलेल्या होत्या, टाकायच्या कशा? आणि दोनांनी एवढा गुण, तर तिसरीनं अजून येईल."

"गुरुजी, ह्या दोघींचंच औषध ह्या एकीत हाय. वर्गात एकाच पोराची हजेरी दोनदा घेत होता का तुम्ही?"

गुरुजींनी तिन्ही बाटल्या हातात घेऊन बघितल्या. मग मुलाला म्हणाले, "ऐकतोस ना, मामा आपली तपासणी घेत आहेत." हे औषध डोळ्यातून नाकात, नाकातून रक्तात उतरतं. त्यातलं एक औषध नाडी हळू करतं, दमा असेल तर दम लावतं. म्हणून डोळ्याचा कोपरा दाबून धरायचा आणि म्हणून दुप्पट टाकायचं नाही. गुरुजींची नाडी दोन-तीन दिवसांत जागेवर आली. पण मला ती गोष्ट खुपून राहिली. सांगताना मीही म्हणालो होतो, ही नवी बाटली टाका. त्या दोन बंद करा, असं मोठ्यानं म्हटलं नव्हतं. मला वाटलं, गुरुजी आहेत, कळेल.

बाटल्या सगळ्या सारख्याच, पांढऱ्या, करंगळीएवढ्या. अक्षर मुंगीएवढं. लोक टोपणाच्या रंगावर ओळखायचे आणि दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची दिली की रंग बदलायचा. मी आधीपासून बाटलीच्या गळ्याला दोरा बांधायचो, दिवसातून जितक्या वेळा टाकायचं तितक्या गाठी. दोरा बायकोच्या वाकळ शिवायच्या डब्यातला. गुरुजींची गोष्ट सांगितल्यावर तिनं डबा पुढ्यात घेतला. म्हणाली, एका औषधाला तांबडा दोरा बांधा, दुसऱ्याला काळा. दोन्ही एकात आले की तांबडा-काळा पीळ घालून बांधा. पीळ आला की नुसत्या तांबड्या आणि नुसत्या काळ्या दोऱ्याची बाटली फेकायची. आंधळ्याला बोटानं कळंल, पीळ हाय का नुसता दोरा.

डॉक्टर म्हणाले, हे तर कंपनीनं करायला पाहिजे. मी घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "कंपनीला वाकळ शिवता येती का?"

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

एक दिवस जेवताना तिच्या डाव्या हाताला ठेवलेला तांब्या तिच्याच हातानं लवंडला. मी म्हणालो, दिसत नाही का तुला? आठ दिवसांत परत लवंडला. मी परत तेच म्हणालो. दिवसभर लोकांना सांगणारा माणूस मी, की कडेची नजर आधी जाते. शेजारणीला चष्म्यासाठी दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून कौसल्याही सोबत आली. डॉक्टरांनी सहज तिचा दाब बघितला. मग बराच वेळ मागची नस बघितली. डाव्या डोळ्याची निम्म्याहून जास्त गेलेली, उजव्याची सुरुवात.

त्या दिवसापासून तिचे ड्रॉप मी टाकायला लागलो. सकाळी कामावर जायच्या आधी, संध्याकाळी आल्यावर. स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला मी बजावायचो, आपल्या हातानं टाकायला शिका, सून कामाला जाईल, लेक सासरी जाईल, औषधाला सुट्टी नाही. बायकोला मात्र शिकवलं नाही. ती म्हणायची, "शिकवा की मला बी." मी म्हणायचो, "मी मेलोय का?" खरं सांगायचं तर मला ते काम आवडायचं. दिवसातून दोनदा ती माझ्यासमोर तोंड वर करून गुमान बसायची, एरवी ती कुणापुढं गुमान बसणारी बाई नव्हती. एका औषधानं पापण्या लांब होतात. तिच्याही झाल्या. मी म्हणायचो, म्हातारपणी नवरीसारख्या पापण्या आल्या. ती म्हणायची, नवरी होते तवा बघितल्या होत्या का? असं सात वर्षं चाललं. दाब जागेवर होता. डॉक्टर म्हणायचे, मामांच्या घरचा पेशंट म्हणजे नमुना.

मी रिटायर झालो. वर्षभरानं लेकीकडे लातूरला गेलो तेव्हा बसमधून उतरताना पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन, पंधरा दिवस दवाखाना, मग दोन महिने लेकीच्या घरी पलंगावर. कौसल्या सोबत होती. माझं सगळं तीच करायची. बाटल्या आणल्या होत्या. मी विचारायचो, ड्रॉप टाकलेस का? स्वयंपाकघरातून आवाज यायचा, हाव, टाकले. मला उठता येत नव्हतं आणि तिनं माझ्यासमोर कधी टाकले नाहीत. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

नांदेडला परत आल्यावर तिला दाखवायला नेलं. मी काठी घेऊन. डॉक्टरांनी दाब बघितला, परत बघितला. डाव्या डोळ्यापुढं बोटं धरली, मग हात हलवला, मग बॅटरी धरली. तिला बॅटरीही कळंना.

"औषध कोण टाकत होतं?"

"मीच. टायमावर टाकत होते," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, बाहेर मामांच्या स्टुलावर बसा आणि एक टाकून दाखवा. त्या जागेवर आता नवी सिस्टर होती, मीच शिकवलेली. आणखी चार पेशंट. कौसल्यानं बाटली धरली. पहिला थेंब भुवईवर पडला. दुसरा गालावर. तिसऱ्याला तिनं डोळा मिटून घेतला. सगळे बघत होते. ती पदरानं गाल पुसून सिस्टरला म्हणाली, "आज हात थरथरून राहिला बाई. रोज बरोबर पडतंय."

माझं नाव जाऊ नये म्हणून ती म्हणाली तसं. मला कळलं, सिस्टरलाही कळलं. डॉक्टर मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "तुम्ही पडून होता. लेकीचा जीव आधीच टांगणीला. अन् शिकवलंच न्हवतं तर टाकू कसं?" रागानं नाही, हिशोबाचं बोलल्यासारखं.  

दुसऱ्या दिवशी तिला शिकवायला बसलो. आधी नुसत्या पाण्याच्या बाटलीनं. मूठ गालावर, मनगट मुठीवर. चार दिवसांत शिकली. सात वर्षं मी टाळलं ते चार दिवसांचं काम होतं. डॉक्टरांनी तिला जोडबाटली दिली, संध्याकाळी वरून एक वेगळं औषध. पीळ घातलेला दोरा तिनं स्वतः बांधला. गेलेल्या डोळ्यातही टाकत राहायचं, नाहीतर तो पुढं दुखणं काढतो. उजवा डोळा राहिला. दोन वर्षं तिनं एक वेळ चुकवली नाही आणि बाटलीला मला हात लावू दिला नाही. "बसा तिकडं खुर्चीवर," म्हणायची.

त्या संध्याकाळीही मी खुर्चीवरच होतो.

पहाटे ती पाणी प्यायला उठली आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिली. म्हणाली, छातीवर दगड ठेवल्यागत झालंय. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. तरी नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हार्ट सांगितलं. माझे जुने डॉक्टर घरी आले तेव्हा मी सरळ विचारलं, ड्रॉपनं झालं का? ते म्हणाले, नाही मामा, दर तीन महिन्यांनी तिची नाडी मी स्वतः बघत होतो. डोळे तिनं आधीच दानासाठी लिहून दिले होते. काचबिंदू मागची नस खातो, पुढची काच चांगली राहते, गेलेल्या डोळ्याचीसुद्धा. मीच ओल्या कापसाच्या पट्ट्या ठेवल्या, उशी उंच केली. दवाखान्याची माणसं आली, काम करून गेली. लेक लातूरहून निघाली होती. शेजारच्या बाया आत बसल्या. मी बाहेर ओट्यावर आलो.

साडेआठ झाले असतील. हदगावहून पहिल्या बसनं एक म्हातारा-म्हातारी आले. रिटायर झाल्यापासून लोक दोरा बांधून घ्यायला घरीच येतात, दवाखान्यातूनच पत्ता सांगतात. म्हाताऱ्यानं म्हातारीच्या औषधांची पिशवी पुढं केली. मग त्याला दारातल्या चपला दिसल्या, आतल्या बाया दिसल्या.

"मामा, काय झालं?"

"मंडळी गेली पहाटं."

तो पिशवी मागं घ्यायला लागला. "आम्ही परत येतो मामा. आज कसं."

"सकाळचं औषध टाकलं का हिच्या डोळ्यात?"

"न्हाई. तुमच्याकडून इचारून टाकावं म्हटलं. नवी बाटली दिलीय."

"मग बसा."

जुन्या दोन बाटल्या मी काढून ओट्याखाली टाकल्या, ह्या बंद, असं दोनदा मोठ्यानं सांगितलं. एक जोडबाटली, एक वेगळी राहिली. डबा आत होता. उठून आत गेलो, तिच्या उशापासून डबा घेतला, बाहेर आलो. तांबडा-काळा पीळ घातला, दोन गाठी. वेगळीत तिसरंच औषध, तिला पांढरा, दोन गाठी. दोरा बांधून बाटली द्यायला गेलो तर म्हाताऱ्यानं हात पुढं केला.

"आणा, मी टाकतो. तिला जमत न्हाई. मीच टाकत असतो रोज."

"त्यांच्या हातात द्या."

"तिचा हात हालतो मामा."

"हालू द्या. तुम्ही तिकडं बसा, पायरीवर."

म्हातारी दोघांकडे बघायला लागली. तिला ओट्यावर आडवं केलं, मूठ गालावर ठेवायला सांगितली, मनगट मुठीवर. पहिला थेंब नाकावर गेला. म्हातारा उठला. मी म्हटलं, बसा. दुसरा पापणीच्या केसांवर. माझा हात पुढं गेला होता, तो मी मागं घेतला. तिसरा आत पडला. दुसऱ्या डोळ्यात पहिल्याच खेपेला.

"आता डोळे मिटा, कोपरे दाबून धरा. दुसऱ्या बाटलीला दोन भाकरींचा टाइम हाय."

आत बायांनी वंदना सुरू केली. त्रिसरण झालं, पंचशील झालं. म्हातारीनं डोळे उघडायला घेतले. मी म्हटलं, थांबा, अजून एकदा. आत परत त्रिसरण सुरू झालं. पंचशील संपलं तेव्हा मी दुसरी बाटली तिच्या हातात दिली.